छोट्या गाडीला टो-बार लावून बाइक न्यायचीय? आधी वजनाचा हिशोब बघा

इंग्लंडात उन्हाळा लागला की वेल्स नाहीतर स्कॉटलंडला बाइक घेऊन जायचं खूळ डोक्यात शिरतं, पण मोटरवेवर चार-पाच तास वारा खात कंबर मोडून घ्यायची हौस नसते, बरोबर बायको-पोरं आणि सामान पण असतं, आणि दारात उभी काय तर फिएस्टा नाहीतर पोलो. मग कुणीतरी सांगतं की अरे टो-बार, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी दांडा, लाव ना मागे, त्याच्यावर रॅक टाक, रॅकवर बाइक चढव, झालं काम. ऑनलाइन बघितलं तर तसले रॅक विकायला पण असतात आणि फोटोत बाइक मस्त आडवी उभी असते. फक्त फोटोतली गाडी नीट बघा, ती बहुतेक वेळा व्हॅन नाहीतर मोठी फोर बाय फोर असते.

छोट्या गाडीच्या बाबतीत सगळा घोळ दोन वजनांमध्ये होतो. गाडी मागे किती वजन ओढू शकते हा एक आकडा, आणि टो-बारच्या टोकाच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, वरून किती वजन दाबू शकतं हा दुसरा. पहिला आकडा छोट्या गाडीला पण बरा असतो, सात-आठशे किलो वगैरे. दुसरा मात्र बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो, बस. ह्याला इथे नोज वेट म्हणतात आणि टो-बारवर जी छोटी पत्र्याची पट्टी असते तिच्यावर तो एस ह्या अक्षरापुढे लिहिलेला असतो. शेजारी डी लिहून अजून एक आकडा असतो, ती आडव्या ओढीची ताकद, गाडी आणि ट्रेलर दोघांच्या वजनावरून काढलेली. समजा गाडी भरून दीड टन आणि ट्रेलर ८०० किलो, तर साधारण ५.१ किलोन्यूटन लागतात, आणि छोट्या गाडीचा कुठलाही बरा टो-बार तेवढा झेपवतो. म्हणजे डी क्वचितच आडवा येतो, गाडं अडतं ते एसपाशी.

आता बाइकचं वजन धरा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे १९५ किलो. (ही कंपनी मुळात इथल्याच रेडिचची, आता बाइक चेन्नईहून बनून इकडे येते, असो.) १९५ किलो ५० किलोवाल्या बॉलवर जाणार नाही हे पोरगं पण सांगेल. पण लोक म्हणतात माझी तर छोटी बाइक आहे, ११० किलोची. बरं, ११० बाइक आणि रॅकचे २५, झाले १३५. तरी दुपटीच्या वर गेलात. आणि रॅक विकणारा जे लिहितो की १५० किलोपर्यंत चालेल, ते खोटं नसतं, ती रॅकच्या लोखंडाची ताकद असते. तुमच्या गाडीबद्दल तो काहीच बोललेला नसतो.

आणि नुसतं १३५ किलो बसलं एवढ्यावर भागत नाही, ते कुठे बसलं ते बघा. बॉल मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, धरा पाऊण-एक मीटर, आणि बाइकचा मध्य त्याच्याही मागे फूट-दीड फूट. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपासून साधारण १.२ मीटर मागे ते ओझं लटकतंय. पुढची-मागची चाकं एकमेकांपासून अडीच मीटर. १३५ गुणिले १.२ भागिले २.५, आले ६५ किलो. एवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १३५ अधिक ६५, असे २०० किलो जादा येतात. छोट्या गाड्या बहुतेक सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढायचं काम, वळायचं काम आणि ब्रेकचं मोठं काम ज्या चाकांचं, तीच हलकी झाली. पावसात राउंडअबाउटला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच चालली तर नवल वाटून घेऊ नका. वर हेडलाइट आभाळाकडे, समोरचा शिव्या घालत जाणार.

म्हणून छोट्या गाडीला बाइकसाठी रॅक हा विषयच बाजूला ठेवा आणि ट्रेलर घ्या. ट्रेलरची चाकं बाइकचं वजन स्वतः घेतात, बॉलवर फक्त थोडासा भार येतो. एका बाइकचा साधा ट्रेलर १०० ते १५० किलोचा, त्यावर १९५ची बाइक, म्हणजे सगळं मिळून ३००-३५० किलो. हे छोटी गाडी आरामात ओढते.

पण तुमची गाडी कायद्याने ओढू शकते का ते आधी बघा, कारण काही गाड्यांना कंपनीने टोइंगची परवानगीच घेतलेली नसते, विशेषतः अगदी छोट्या सिटी कार आणि बऱ्याच हायब्रिड-इलेक्ट्रिक. जुनी निसान लीफ हे ठळक उदाहरण, ती चांगली मोठी आणि दमदार गाडी आहे पण ट्रेलर ओढायला मान्यता नाही. ही माहिती शोधायला कुठे जायला नको, ड्रायव्हरचं दार उघडा किंवा बॉनेट उचला, व्हिनची, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरची, पट्टी दिसेल, तिच्यावर एकाखाली एक चार वजनं असतात. पहिलं गाडीचं भरलेलं कमाल वजन, दुसरं गाडी अधिक ट्रेलरचं कमाल वजन, तिसरं-चौथं पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं. समजा वर १५१५ आणि खाली २३१५ असेल, तर वजाबाकी ८००, म्हणजे ट्रेलर ८०० किलोपर्यंत. दुसऱ्या ओळीत काहीच नसेल किंवा शून्य असेल तर विषय संपला, त्या गाडीला टोइंगसाठी टो-बार लावू नका, कुणी कितीही स्वस्तात लावून देतो म्हणाला तरी.

ते ८०० सुद्धा ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी. बाइकच्या छोट्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला इथला नियम असा की जास्तीत जास्त ७५० किलो किंवा गाडीच्या कर्ब वेटच्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, निम्मं, ह्यातलं जे कमी असेल ते. १०५० किलोच्या गाडीला ५२५. कंपनीने हँडबुकमध्ये त्याहून कमी लिहिलं असेल तर तेच धरायचं. आपले ३५० त्यात बसतात पण दोन बाइकवाला ट्रेलर घ्यायचा मोह झाला तर मात्र परत कागद-पेन काढा. एक गंमत सांगतो, कंपन्या हा ओढायचा आकडा ठरवतात तेव्हा गाडीला १२ टक्के चढावर लोड लावून पाच मिनिटांत पाच वेळा थांबवून परत उचलायला लावतात. म्हणजे त्या आकड्यात चढावर क्लच न जाळता निघता येणं धरलेलं असतं, नुसतं इंजिनाचं पिकअप नाही.

आता टो-बार विकत घेऊ. तीन तऱ्हा असतात. एक फ्लँज बॉल, म्हणजे बॉल दोन जाड बोल्टांनी पाटीवर बसवलेला, सगळ्यात स्वस्त आणि दणकट, दिसायला ओबडधोबड. दुसरा हंसाच्या मानेसारखा वळलेला अखंड. तिसरा काढता-घालता येणारा, सगळ्यात महाग, पण काम नसेल तेव्हा डिकीत टाकून द्या, गाडी पूर्वीसारखी, आणि मागचं पार्किंग करताना दुसऱ्याच्या बंपरला भोक पडत नाही. वर्षातून मोजक्याच वेळा बाइक नेणार असाल तर माझं मत काढता येणाऱ्याच्या बाजूने. कुठलाही घ्या, त्याच्यावर टाइप अप्रूव्हलचा, म्हणजे सरकारी मान्यतेचा, नंबर पाहिजे. १ ऑगस्ट १९९८ नंतर पहिल्यांदा रजिस्टर झालेल्या कारला तो असलेलाच टो-बार लागतो. म्हणजे ओळखीच्या वेल्डरकडून अँगल वळवून घेतो, हा आपला गावाकडचा जुगाड इथे चालत नाही आणि चालू पण नये.

बसवण्याचं काम बघितलं तर लोक समजतात तितकं अवघड नाही पण तितकं सोपंही नाही. टेललाइट काढायच्या, चाकाच्या कमानीतले स्क्रू काढायचे, मग मागचा अख्खा बंपर सालासारखा निघून येतो. आत एक आडवी पट्टी दिसते, धक्का झेलणारी. बऱ्याच गाड्यांत ती काढून तिच्या जागी टो-बारचा आडवा भाग बसतो आणि जुनी पट्टी परत लागत नाही, त्यामुळे काम झाल्यावर एवढं मोठं लोखंड उरलं म्हणून घाबरू नका, आधी सूचना वाचा. टो-बारचे दोन हात चासीच्या पोकळ रेलमध्ये सरकतात आणि कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकांतून बोल्ट जातात. इथे एक बारीक गोष्ट जी घाईत राहून जाते: जिथे लोखंडाला लोखंड भिडतं तिथला अंडरसील, मेणासारखा जाड थर, खरवडून काढायचा. तो मध्ये राहिला तर आज टॉर्क बरोबर लागतो, मग काही दिवसांत तो थर दबतो आणि बोल्ट आपोआप सैल. कुठे भोक पाडलंच तर तिथे गंजरोधक मारायचा, कारण इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते उघड्या पत्र्याची वाट लावतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, अंदाजाने नाही, आणि काही शे मैल चालवल्यावर परत एकदा तपासायचे. बंपरला खालून छोटी खाच कापावी लागते, ती बहुतेक गाड्यांत वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते वायरिंगमध्ये. जुन्या काळी मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून त्यालाच ट्रेलरच्या वायरी जोडायचे आणि काम व्हायचं. आताच्या गाडीत दिव्यांना करंट देणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, प्रत्येक बल्ब किती करंट खातो ह्यावर त्याची नजर असते, आणि तुम्ही गुपचूप अजून एक इंडिकेटर जोडला की त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. मग डॅशबोर्डवर वॉर्निंग येते, इंडिकेटर भराभर टिकटिकतो आणि नशीब वाईट असेल तर तो कॉम्प्युटरच जातो, ज्याची किंमत टो-बारच्या कितीतरी पट. ह्यावर दोन उपाय. एक बायपास रिले, म्हणजे एक डबी जी गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेते आणि ट्रेलरला लागणारा करंट फ्यूज लावून थेट बॅटरीतून देते. दुसरा गाडीच्या मॉडेलसाठी खास बनवलेला किट, जो गाडीच्या नेटवर्कलाच जोडला जातो. ह्याला बऱ्याचदा कोडिंग करावं लागतं, पण मग गाडीला कळतं की मागे ट्रेलर आहे, त्यामुळे रिव्हर्सला मागचे सेन्सर उगाच बोंबलत नाहीत आणि काही गाड्यांत ट्रेलर डोलायला लागला तर स्टॅबिलिटी सिस्टीम स्वतः सावरते. किट महाग पडतो, कधीकधी साध्या टो-बारपेक्षाही महाग, तरी नवीन गाडी असेल तर इथे पैसे वाचवू नका. लोखंड एकवेळ स्वतः बसवा, वायरिंग माणसाकडून करून घ्या, घरी येऊन बसवून देणारे फिटर सगळीकडे मिळतात.

सॉकेट दोन प्रकारचे, ७ पिनचं आणि १३ पिनचं. बाइकच्या ट्रेलरला ७ पुरे. गाडीला १३ असेल तर छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. ७ पिनमध्ये रंग ठरलेले असतात, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, निळी फॉग, पांढरी अर्थिंग, लाल ब्रेक, तपकिरी उजवी टेललाइट, काळी डावी. सगळ्यात जास्त त्रास देणारी ह्यातली पांढरी. डावा इंडिकेटर दिला आणि ट्रेलरची टेललाइट पण त्याच तालात लुकलुकायला लागली, किंवा ब्रेक दाबला की सगळेच दिवे मंद, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज धरलेला असतो, तो घासून काढला की दहातले आठ वेळा प्रश्न सुटतो.

आता बाइक चढवू, कारण टो-बार कितीही भारी असला तरी माल कसा भरलाय ह्यावरच गाडी सरळ जाणार की नाही ते ठरतं. गावाकडे बैलगाडी भरताना जुनी माणसं बघायची की ओझं मागे जास्त झालं तर गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. इथे अगदी तेच. बाइक ट्रेलरच्या मागच्या बाजूला राहिली तर ट्रेलरचं नाक वर जातं, गाडीची मागची बाजू हलकी होते आणि साठ मैलाच्या स्पीडला ट्रेलर सापासारखा डावी-उजवीकडे डोलायला लागतो. म्हणून नाकावर थोडा भार हवाच, आणि तो एसच्या आकड्याच्या आत हवा. ५० किलोची मर्यादा असेल तर साधारण २५ ते ४५ किलोच्या मध्ये ठेवा. मोजायचं कसं तर बाथरूममधला वजनकाटा घ्या, त्यावर बॉलच्या उंचीएवढा लाकडाचा तुकडा उभा करा, ट्रेलरचं कपलिंग, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, त्यावर टेकवा, ट्रेलर सपाट उभा पाहिजे, आणि आकडा वाचा. जास्त आला तर बाइक थोडी मागे, कमी आला तर पुढे. पुढचं चाक अडकवायचा क्लॅम्प बहुतेक ट्रेलरवर सरकवता येतो, एकदा जागा सापडली की तिथे पेंटने खूण करून ठेवा. हे नाकावरचे ४० किलो गाडीतल्याच सामानात मोजायचे हे विसरू नका, टो-बारचं स्वतःचं वजन पण, कारण मागचा अ‍ॅक्सल त्यांनाही उचलतो. मागे दोन मोठी माणसं आणि डिकी खच्चून भरलेली असेल तर व्हिनवरचा चौथा आकडा कधी ओलांडला कळत पण नाही.

बाइक साइड स्टँडवर ठेवून बांधू नका. ती सरळ उभी, पुढचं चाक क्लॅम्पमध्ये, आणि चार रॅचेट पट्टे, पुढे दोन खाली-बाहेर ओढणारे, मागे दोन. पुढचे पट्टे हँडलच्या टोकाला न लावता खाली फोर्कच्या योकला, म्हणजे दोन्ही फोर्क जिथे एकत्र पकडलेले असतात तिथे, मऊ लूप घालून लावा. फोर्क साधारण निम्मा दबेल इतकंच आवळायचं. पूर्ण दाबला तर ऑइल सील फुटायची भीती आणि थोडाच दाबला तर पहिल्या खड्ड्यात फोर्क दबून पट्टा ढिला, हुक निसटला की बाइक आडवी. पट्टा ब्रेकच्या होजवर किंवा प्लॅस्टिकवर घासत नाही ना ते हाताने चाचपून बघा. उरलेलं टोक बांधून टाका, मोटरवेवर ते फडफडून रंग सोलतं. आणि निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर पहिलं सर्व्हिस स्टेशन दिसलं की थांबून परत आवळा, पट्टे बसतात आणि थोडे सैल होतातच.

नियम पटकन सांगतो. १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्यांना आधी ट्रेलरसाठी वेगळी भानगड होती, १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. स्पीड मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर (दुभाजकवाल्या रस्त्यावर) ताशी ६० मैल, सिंगल कॅरेजवेवर ५०. तीन किंवा जास्त लेन असतील तिथे मोटरवेच्या सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायचं नाही. ट्रेलरवर गाडीच्याच नंबरची पिवळी प्लेट, मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर, आणि कपलिंगशिवाय एक सेफ्टी चेन जी गाडीला वेगळी अडकवायची, म्हणजे बॉलवरून निसटलं तरी ट्रेलर सुटून जात नाही. चेन बॉलच्याच गळ्यात टाकायची सवय बऱ्याच जणांना असते, टो-बारला वेगळा कडी-पॉइंट असेल तर तिथेच अडकवा. टॅक्स न भरता सॉर्न केलेली, म्हणजे रस्त्यावर चालवत नाही असं सरकारला कळवून ठेवलेली, बाइक ट्रेलरवरून न्यायला हरकत नाही, चाक रस्त्याला लागत नाही तोवर. इन्शुरन्सवाल्याला मात्र टो-बार लावल्याचं कळवा, आणि स्पष्ट विचारा की ट्रेलरवरच्या बाइकचं नुकसान झालं तर काय, कारण कारच्या पॉलिसीत ते बहुधा नसतं.

डोलायला लागलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, त्याच्या नादाने डावी-उजवी करू नका, स्पीड उतरला की आपोआप शांत होतो. मग बाजूला थांबून नाकावरचं वजन बघा, कारण बहुधा तिथेच असतं.

हे वाचून पुण्या-नाशकात कुणी आपल्या स्विफ्टला असं करायचं म्हणत असेल तर थोडं थांबा. आपल्याकडच्या मोटर वाहन कायद्यात ट्रेलर हा स्वतःच एक मोटर व्हेइकल धरलाय, म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन आणि नंबर लागतो, आणि गाडीत बदल करायचा म्हटलं की कलम ५२ आहे, ज्याच्या आधारे २०१७ मध्ये बुल बारवर बंदी आली. आरटीओला विचारल्याशिवाय बाजारातून टो-बार आणून ठोकू नका. तसंही तिकडे छोटा हत्ती भाड्याने मिळतो, नाहीतर टाकी रिकामी करून गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सलला दिली की बाइक पोचते, आणि एखाद-दुसऱ्या वेळेसाठी तेच परवडतं.

राहिलं रिव्हर्स. मोठी कॅरव्हॅन मागे घेणं अवघड असं लोक म्हणतात, पण हा छोटा बाइकचा ट्रेलर जास्त छळतो. आखूड असल्यामुळे स्टिअरिंग जरा फिरलं की तो भसकन वळून गाडीच्या कोपऱ्याला भिडतो, आणि रिकामा असेल तर आरशात दिसत पण नाही. सरळ मागे जाताना स्टिअरिंग खालून धरा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात, अगदी थोडा थोडा. जमत नसेल तर लाजायचं काही नाही, हँडब्रेक ओढा, बाइक उतरवा, प्लग काढा, चेन काढा, कपलिंग उचला आणि ट्रेलर हाताने ढकलत पार्किंगमध्ये नेऊन लावा.